वर्णनबाईंनी लिहिलेला पक्षी

वर्णनबाईंना त्या पार्कात सगळे वर्णनबाईच म्हणत. पगारपत्रकावर दुसरं काही नाव असेलही, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर बाईंनी मागे वळून पाहिलं नसतं. त्यांचं काम एकच, पार्कातल्या प्रत्येक राइडचं, प्रत्येक खेळाचं, अगदी कारंज्याचंसुद्धा वर्णन लिहायचं. फाटकाजवळचे मोठमोठे फलक, तिकिटाबरोबर मिळणारा घडीचा नकाशा आणि दिवसभर भोंग्यातून जे कानावर आदळत राहतं ते, सगळं बाईंच्या हातचं. 'काळजाचा ठोका चुकवणारी झेप!' बाईंचं. 'अख्ख्या कुटुंबासाठी हास्याचा धबधबा!' तेही बाईंचंच. संडासांना वळसा घालून जाणारी ती छोटी आगगाडी आहे ना, जिच्यात बसल्यावर पुढच्या डब्यातल्या माणसाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, तिच्यावर 'स्वप्नांच्या देशातला अविस्मरणीय प्रवास' असं लिहायला छाती लागते. ती बाईंकडे होती.

या धंद्याचे आपले कायदे असतात. 'रांग' म्हणायचं नाही, 'स्वागतमार्ग' म्हणायचं, मग त्यात उभं राहून पायांचे तुकडे पडेनात का. 'बंद' हा शब्द तर शिवीसारखा. राइड मोडली की ती 'विश्रांती घेत आहे'. मूल कधी हरवत नाही, ते 'आईबाबांची वाट बघत आहे'. भीती वाटली तर चालते, पण ती 'गोड' हवी. एखाद्याने झुल्यावरून उतरून पोटातलं सगळं बाहेर काढलं, तर सफाईवाल्याला भोंग्यातून निरोप जाणार, 'कमानीपाशी फुलं पडली आहेत.' आता बोला! बाहेरून आलेला माणूस म्हणणार, वा, काय हौस आहे पार्काला.

तरी एक कायदा मात्र खुर्चीवर कुठलाही साहेब आला तरी बदलला नाही. फलकावर लिहिलंय ते दिसलं पाहिजे. अविस्मरणीय म्हणा, स्वर्गीय म्हणा, त्याचा पुरावा कोण मागतो? पण कारंज्यात सात रंग आहेत असं लिहिलं आणि सहाच उडाले, की एखादे सद्गृहस्थ बायकामुलांसमोर तक्रारखिडकीवर जाऊन असा काही तमाशा करणार की विचारू नका. म्हणून बाई मेजावर बसून वर्णन कधी लिहीत नसत. त्या जाऊन शेवटच्या ओळीत बसायच्या आणि चक्क डोळे मिटून घ्यायच्या. खेळाकडे बघायचं नाही, लोकांच्या तोंडून काय निघतं ते ऐकायचं. 'अगं आई गं', 'मेलो', 'बघ बघ बघ'. त्यातला एक शब्द उचलायचा, त्याला जरा इस्त्री करायची आणि फलकावर चढवायचा. लोकांना वाटायचं, अरेच्चा, हे तर माझ्याच मनातलं लिहिलंय! वाटणारच. त्यांच्याच खिशातून काढलेलं होतं ते.

आयुष्यात फक्त एक वर्णन बाईंनी खेळ न बघता, न ऐकता लिहिलं. ते पहिलंच. तेव्हा त्या तिकीटखिडकीवर होत्या, वर्णनाची नोकरी अजून मिळायची होती. फलक लिहिणारा गडी आजारी पडला आणि साहेबांनी अक्षर चांगलं म्हणून यांच्या हाती रंगाचा डबा दिला. 'सावलीघर' नावाच्या काळोख्या दालनात एक तरुण माणूस दिव्यासमोर हात धरून पडद्यावर सावल्या पाडायचा, त्याचा खेळ. बाईंनी तो पाहिलेला नव्हता. त्यांनी आपलं ठोकून दिलं, 'दोन हात, एक दिवा आणि अख्खं जंगल! हत्ती, हरीण, पक्षी, सगळे तुमच्या भेटीला.' दुपारी सावलीवाला खिडकीवर हजर.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. का?"

"माझ्या खेळात हत्ती नाही."

बाईंना मनातून घाम फुटला होता, पण कबूल करायचा स्वभाव नव्हता. "मग आता बसवा," त्या म्हणाल्या.

तो गेला तो तडक सावलीघरात. त्या रात्री त्याने म्हणे जेवणसुद्धा केलं नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यावर हत्ती आला, सोंड हलवत, कान फडफडवत. लग्न ठरलं तेव्हा बाईंच्या वडिलांनी विचारलं, मुलगा करतो काय? त्यावर बाई म्हणाल्या, "मी जे लिहीन ते करून दाखवतो." वडिलांना काही कळलं नाही, पण मुलगी खुशीत दिसली म्हणून त्यांनी होकार दिला.

संसार तसाच झाला, चेष्टेत. भाजी करपली की सावलीवाले ताटावर बसून भोंग्याच्या आवाजात म्हणायचे, "पाहुणेहो, अग्निस्पर्शाचा चित्तथरारक अनुभव!" मग लेक खिदळायची, बाई कालथा उगारायच्या. लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी ताटावरची ती जाहिरात चालूच होती. सुखाचं होतं म्हणा ना सगळं. माणूस सुखात असला की समोरचं बघत नाही, तिथेच घात होतो.

कारण सावलीवाले बरेच दिवस चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते आणि बाईंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. शर्टाची गुंडी लावायला वेळ लागायचा. वर्तमानपत्र हातात धरून वाचायचं सोडून मेजावर पसरून वाचायला लागले होते. "डोळे झुकले वाटतं म्हातारपणाकडे," बाई म्हणायच्या. ते म्हणायचे, "हो, डोळेच." संपलं.

तशात नवे साहेब आले. तरुण, हसतमुख, बोलायला लोणी. त्यांनी बाईंना खोलीत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की सावलीघराच्या जागी हलत्या खुर्च्यांचं दालन करायचं घाटतंय. सावल्या बघायला हल्ली येतं कोण? "पण तुमच्यासाठी एक हंगाम थांबतो, बाई. नवं वर्णन लिहा. लोक आले तर खेळ राहील. नाही आले तर सावलीवाल्या काकांना आपण सन्मानाने विश्रांती देऊ."

विश्रांती म्हणजे काय ते बाईंना दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो शब्द त्यांचाच.  सावलीघराशिवाय हा माणूस करणार काय? घरी बसून भिंतीकडे बघणार? या माणसाला मित्र नाहीत, व्यसन नाही, दुसरा छंद नाही. हात आणि दिवा, एवढंच त्याचं जग.

घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्या सावलीघरात गेल्या, कित्येक वर्षांनी. दारावरच्या मामांनी तिकीट विचारायची चेष्टा केली. हे मामा सगळ्या पार्काचे मामा, सावलीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसणारे. बाई शेवटच्या ओळीत बसल्या आणि सवयीने डोळे मिटले. आठ-दहा टाळकी होती सगळी मिळून. मासा आला, हरीण आलं, कुणी काही बोललं नाही. शेवटी पक्षी आला असावा, कारण पुढच्या ओळीतली एक आजी नातीला म्हणाली, "अगं बघ तरी! पीस न् पीस थरथरतंय त्याचं. खराखुरा वाटतो मेला!" नात उभी राहून टाळ्या पिटायला लागली.

बाईंनी डोळे उघडले. पडद्यावर भलामोठा पक्षी पंख पसरून होता आणि त्याचे पंख खरोखरच थरथरत होते. बाईंना तो पक्षी पाठ होता. तो सरळ, संथ उडायचा. हे थरथरणं नव्याने आलेलं होतं, आणि ते पंखांचं नव्हतं. दोन्ही हातांनी धरलेला कप, न लागणारी गुंडी, मेजावर पसरलेलं वर्तमानपत्र, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. घरात चार भिंतींत जे दिसलं नाही ते इथे भिंतीएवढं मोठं होऊन समोर हलत होतं.

आता तुम्ही आम्ही काय केलं असतं? पडद्यामागे धावलो असतो, हात धरला असता, म्हटलं असतं, अहो, हे काय झालंय तुम्हाला? बाई उठल्या त्या आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी वर्णन लिहिलं. आजीचा शब्द कानात ताजा होता. हात जन्मभर जे करत आले तेच त्यांनी केलं. 'जिवंत सावल्या! इथे पक्षी नुसता दिसत नाही, त्याचं पीस न् पीस थरथरतं. श्वास रोखून पाहा. अशी सावली तुम्ही जन्मात पाहिली नसेल.'

फलक लागला त्या दिवशी संध्याकाळी सावलीवाले घरी आले, चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "फलक वाचला."

बाई भांडी पुसत होत्या. 

"मला वाटत होतं, लपतंय," ते म्हणाले. "तुला कसं सांगावं तेच कळत नव्हतं. तू तर भोंग्यावरून सगळ्या गावाला सांगून टाकलंस."

"अहो, तसं नाही हो. तुमचा खेळ काढून टाकणार होते. मी म्हटलं, लोक येऊ देत."

"लोक आले," सावलीवाले म्हणाले. "आज दोनदा दालन भरलं." आणि ते हसले. बाईंना वाटलं होतं, चिडतील, अबोला धरतील. त्या हसण्याने त्यांना रडूच फुटलं. मग दोघं त्या पुसलेल्या भांड्यांशेजारी खाली जमिनीवर बसले, आणि बाईंनी पहिल्यांदा त्यांचा हात हातात घेऊन नीट पाहिला. तो मांडीवर ठेवला तरी हलत होता.

डॉक्टरीणबाई वयाने लहान पण बोलायला रोखठोक होती. आजार नसांचा आहे, म्हणाली. जाणार नाही, हळूहळू वाढेल. गोळीने तो बरा होत नाही, पण हात, पाय, बोलणं, गिळणं सगळं बरेच दिवस ताब्यात राहील. गोळी वेळच्या वेळी घ्यायची. मनाने बंद करायची नाही, नाहीतर अंग ताठून बसेल. बाईंनी आयुष्यात इतकी उघडीवाघडी वाक्यं एका दमात ऐकली नव्हती. लेकीला फोनवर सांगताना त्यांच्या तोंडून निघालं, "बाबांच्या हातांना जरा विश्रांतीची गरज आहे." पलीकडून लेक ओरडली, "आई, माणसासारखं बोल! भोंग्यातून बोलू नकोस माझ्याशी." तेव्हा कुठे बाईंनी खरं काय ते सांगितलं.

गोळी लागू पडली. काय सांगावं, दिवाळखोर घरात धन यावं तसं झालं! सावलीवाले एका हाताने कप उचलून चहा प्यायले आणि बाईंना दाखवायला कप हवेत धरून उभे राहिले. "पाहुणेहो, न थरथरणारा कप!" बाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. सावलीघरातही हात पूर्वीसारखे झाले. मासा सुळकन वळला, हरणाने मान उचलली, हत्ती डुलला, आणि पक्षी निघाला तसाच सरळ, संथ, जसा तरुणपणी उडायचा तसा. सावलीवाल्यांच्या मते तो त्यांचा सगळ्यांत चांगला खेळ झाला.

आणि तक्रारखिडकीवर माणसं उभी राहिली. पीस न् पीस थरथरतं म्हणून लिहिलंय, कुठे थरथरतं? आमच्या शेजाऱ्यांनी पाहिलं, त्यांच्या वेळी थरथरलं, आमच्या वेळी का नाही? एक गृहस्थ म्हणाले की आम्ही त्या पक्ष्यासाठी म्हणून इतक्या लांबून आलो. साहेबांनी पुन्हा बाईंना बोलावलं. या वेळी पाणी दिलं नाही.

"बाई, कायदा तुम्हीच मला शिकवलात. लिहिलंय ते दिसायला हवं. एक तर खेळ फलकासारखा करा, नाहीतर फलक खेळासारखा करा. पण जुनं वर्णन लावलं तर लोक किती यायचे ते तुम्हाला माहीत आहे."

बाईंनी घरी येऊन ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. इथे चुकलं त्यांचं. मी म्हणतो, चुलीत गेला तो साहेब, सांगायचं कशाला? पण नवराबायकोत लपवालपवी नको असं हल्लीच ठरलं होतं ना! सांगून वर त्या म्हणाल्या, "उद्या मी तो फलक बदलते. होईल ते होईल."

"थांब जरा," सावलीवाले म्हणाले. "घाई कशाला? बघतो मी."

आणि काही दिवसांत पक्षी परत थरथरायला लागला. सावलीघर भरायला लागलं. साहेबांनी भोंग्यातून दिवसाला चारदा 'जिवंत सावल्या' लावायला सांगितल्या. बाईंना वाटलं, गोळी लागू पडेनाशी झाली. डॉक्टरणीने मात्रा वाढवली. सावलीवाले मान डोलवून हो हो म्हणाले. तरी थरथर वाढतच गेली आणि तिच्या जोडीला दुसरं काही काही यायला लागलं. चालताना पाऊल उंबऱ्यापाशी अडायचं. चेहऱ्यावरचं हसू कमी कमी होत गेलं, चेष्टा केली तरी चेहरा हलायचा नाही. बाई डॉक्टरणीला मनातल्या मनात लाखोली वाहत होत्या.

मग एका सकाळी कपडे धुताना त्यांच्या बोटांना सदऱ्याच्या खिशात चिकट पांढरा गाळ लागला. त्यांनी खिसा उलटा केला. अर्धवट विरघळलेल्या गोळ्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्या सदऱ्याच्या खिशाची शिवण पांढरी पडली होती. तिसऱ्याचीही. बाई ओल्या हातांनी तशाच बाहेर आल्या.

"हे काय आहे?"

सावलीवाल्यांनी खिशाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "गोळी घेतली की पक्षी थरथरत नाही," ते म्हणाले. इतकं साधं, जणू मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं.

"अहो, जिवावर बेतेल ना! ती डॉक्टरीण घसा फोडून सांगतेय आणि तुम्ही..."

"तू लिहिलंस ना तसं?"

"मी लिहिलं कारण तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही! वेडेपणा केला मी! मेला तो फलक, जाळून टाकते मी तो!"

"तू हत्ती लिहिलास, मी हत्ती केला," सावलीवाले म्हणाले. त्यांचं बोलणं आता जड येत होतं, शब्द ओठांशी रेंगाळायचे. "जन्मभर तुझं लिहिलेलं मी खोटं पडू दिलं नाही. आणि खरं सांगू? लोक उभे राहतात गं. माझ्या चांगल्या हातांसाठी कधी कुणी उभं राहिलं नाही."

 बाईंना फार राग आला, त्यांचा, स्वतःचा, त्या आजीचा, सगळ्या जगाचा. त्या ओरडल्या, रडल्या, लेकीला बोलावते म्हणाल्या.  शेवटी सावलीवाल्यांनी बाईंचा हात धरला. हंगाम संपायला थोडेच दिवस आहेत, म्हणाले. एवढे होऊ दे. मग तू देशील त्या गोळ्या घेईन, घरी बसेन, भिंतीकडे बघेन. एवढे दिवस माझे मला दे.

आणि बाईंनी दिले. का दिले हे त्यांना पुढे लेकीने विचारलं, डॉक्टरणीने विचारलं, मामांनीसुद्धा विचारलं.  ज्या बाईने दगडाविटांच्या ढिगाला 'गूढ पर्वतराई' केलं तिला आपल्या एका होकाराचं वर्णन करता आलं नाही. दिले, एवढंच.

तेव्हापासून त्या प्रत्येक खेळाला शेवटच्या ओळीत बसायला लागल्या, डोळे उघडे ठेवून. मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सावलीवाल्यांना अंथरुणावरून उठायलाच फार वेळ लागला. बाईंनी त्यांचा सदरा चढवला, गुंड्या लावल्या, पायात चपला सरकवल्या. "आज नको ना," त्या म्हणाल्या. "आज गर्दी असेल," ते म्हणाले. जणू तेच कारण होतं जायचं. मामांनी त्यांना दंडाला धरून पडद्यामागे नेऊन स्टुलावर बसवलं.

दालन खच्चून भरलं होतं. कडेला माणसं भिंतीला टेकून उभी. मासा आला, तो जरा अडखळत वळला. हरीण आलं, त्याचा कान फडफडला आणि पोरं हसली. हत्ती त्यांनी वगळला. मग पक्षी आला. दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवलेले, बोटं पसरलेली, पडद्याच्या मधोमध वर चढत गेला. त्याचे पंख थरथरले, जोरात थरथरले, मग हळू, मग आणखी हळू. आणि थांबले.

पक्षी पडद्यावर तसाच राहिला. ना वर, ना खाली.  श्वास रोखून पाहा असं फलकावर लिहिलं होतंच, लोकांनी श्वास रोखून धरला. बाईंना मात्र माहीत होतं की खेळात इथे थांबा नाही. कधीच नव्हता. त्या उठल्या, माणसांच्या पायांवरून, पिशव्यांवरून धडपडत कडेच्या दाराकडे निघाल्या. तेवढ्यात कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळं दालन टाळ्यांनी दणाणून गेलं, लोक खरोखर उभे राहिले.

मामांनी दार उघडून धरलं. पडद्यामागे सावलीवाले स्टुलावर बसले होते, दोन्ही हात दिव्यासमोर वर धरलेले, कोपरं छातीपासून सुटलेली. चेहऱ्यावर घाम होता आणि बाकी काही नव्हतं. बाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला तर खांदा लाकूड झाला होता.

"अहो."

"खाली... येत नाहीत," ते पुटपुटले. ओठ जेमतेम हलले.

"मी घेते खाली. मामा, तो दिवा बंद करा."

"नको," सावलीवाले म्हणाले. मग थोडा वेळ श्वास गोळा करून, "लोक... काय करतायत?"

"टाळ्या वाजवतायत."

"मग राहू दे... थोडा वेळ. नको ना गं."

इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाने कशासाठी विनवणी केली नव्हती. मामांचा हात दिव्याच्या बटणावर होता, ते बाईंकडे बघत होते. बाईंनी मान हलवली, नको. हात तसेच अधांतरी ताटकळलेले त्यांना बघवेनात, म्हणून त्या उजेडाच्या खाली, जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि दोन्ही तळव्यांवर त्यांनी नवऱ्याची कोपरं पेलून धरली. वजन त्यांच्या हातांवर आलं. तोंडातून आवाज निघू नये म्हणून बाईंनी दात आवळले, पण रडणं दंडांतून खाली उतरलं, तळव्यांत आलं, आणि त्यांचे हात लटपटायला लागले.

पडद्यावरचा पक्षी हलला. त्याचे पंख थरथरायला लागले, आधी थोडे, मग टोकापर्यंत. पलीकडे कुणीतरी आनंदाने ओरडलं आणि टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला.

सावलीवाल्यांची नजर पडद्यावर होती. ती तिथून हटली नाही.

"हे... मी करतोय?" त्यांनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "तुम्हीच करताय."